प्रत्येक ढलपी आदिमानवाची नसते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

टेकडीवर सापडलेल्या टोकदार दगडाचे छायाचित्र ‘अश्मयुगीन हत्यार’ म्हणून अधूनमधून प्रसिद्ध होते, त्याविषयी थोडे लिहावेसे वाटते. मुंबई परिसरात आदिमानव वावरला यात शंका नाही. नौदल अधिकारी टॉड यांनी १९३० च्या दशकातच कांदिवली भागातील दगडी हत्यारांवर लेखन केले होते. मात्र याच भागात पुढे दगडखाणी चालल्या, आणि सुरुंगाने वा घणाने उडालेली ढलपीही धारदारच असते.

दगडावर नेमका घाव घालून ढलपी काढली, की घाव झेललेल्या पृष्ठाचा लहानसा तुकडा तिच्या माथ्यावर उरतो, त्याखाली पोटाच्या, म्हणजे मूळ दगडापासून सुटलेल्या, बाजूला फुगवटा येतो आणि तेथून पाण्यातल्या तरंगांसारख्या वळ्या पसरतात. पण एवढ्याने केवळ जोरदार आघात सिद्ध होतो. घण मारणाऱ्या खाणकामगाराच्या हातूनही हे सारे घडते. म्हणून ढलपी उलटून पाठ पाहावी. आधी काढलेल्या ढलप्यांचे खळगे तेथे एका ठरावीक दिशेने ओळीत दिसले, कडेवर बारीक टवके सलग काढलेले असले आणि जवळपास तशाच आणखी ढलप्या व त्या जिच्यातून निघाल्या ती गाभ्याची गोटी मिळाली, तर मानवी हाताचा दावा बळावतो. आपला काळा पाषाण ऊन-पावसाने झिजतो व या खुणा बोथट होतात. अकीक, चर्ट अशा कठीण, गुळगुळीत दगडांच्या सूक्ष्मास्त्रांवर, म्हणजे अगदी लहान दगडी हत्यारांवर, त्या अधिक स्पष्ट राहतात. त्यामुळे काळ्या दगडाची करकरीत धारेची ढलपी पाहिली की मला आधी सुरुंगच आठवतो.

तरुणपणी बोरिवलीच्या टेकडीवरून मी अशा ढलप्या खिसा भरून आणल्या आणि जागेची नोंद केली नाही. त्यांतली एखादी खरी असली, तरी ती कोणत्या थरातली, कशाच्या सोबतीची, हे आता कोणीही सांगू शकणार नाही.

तेव्हा अशी बातमी देताना ढलपीच्या दोन्ही बाजूंची व माथ्याची छायाचित्रे मोजपट्टीसह छापावीत. लांबी घावाच्या बिंदूपासून घावाच्या दिशेने, तर रुंदी तिला काटकोनात मोजावी. दगडाचा प्रकार आणि मूळ साल, म्हणजे दगडाचा बाहेरचा नैसर्गिक थर, किती उरली आहे तेही द्यावे. नेमकी जागा मात्र वाचकांना न सांगता पुरातत्त्वाच्या अभ्यासकांना कळवावी, आणि वस्तू शक्यतो जागेवरच राहू द्यावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, बोरिवली, मुंबई