तारखेच्या आधी एवढं वाच

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

फोनवर आपण दोघंही आवाज चढवतो आणि कामाचं बोलणं राहून जातं, म्हणून लिहितेय. तू दारू पिऊन गाडी चालवताना पकडला गेलास, त्यावर रागवायचं ते बाबांनी माझ्याही वाटचं रागावून घेतलंय. कुणाला लागलं नाही, कुणाच्या गाडीला धक्काही लागला नाही, म्हणून हे पत्र या सुरात आहे. तसं काही झालं असतं तर कलमंही वेगळी लागली असती आणि मीही वेगळी बोलले असते.

तू बाबांना म्हणालास की प्रकाशमामाच्या ओळखीचा एक माणूस प्रकरण मिटवून देतो. कसं मिटवणार, हे विचारलंस का त्याला? सिग्नल तोडला, हेल्मेट नव्हतं, तर दंड भरला की विषय संपतो. दारू पिऊन गाडी चालवणं मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 मध्ये येतं आणि ते तडजोडीच्या, म्हणजे दंड भरून जागीच मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांच्या, यादीतच नाही. त्याचा दंड पोलीस जागेवर घेऊ शकत नाहीत, प्रकरण मॅजिस्ट्रेटपुढेच जातं. मग मधला माणूस एक तर तुझे पैसे खाणार, नाहीतर लाच देण्याच्या दुसऱ्या भानगडीत तुला ओढणार. मामा माझा भाऊ आहे, मनाने चांगला आहे, पण त्याच्या ओळखी लग्नाचा हॉल मिळवण्यापुरत्या ठीक आहेत.

तुझा दुसरा बेत मला जास्त घाबरवतो. पहिल्याच तारखेला जायचं, कबूल करायचं, दहा हजार भरायचे, दुपारी ऑफिसला. माझी सगळी नोकरी कोर्टातल्या टेबलामागे गेली, असे घाईतले मुलगे मी रोज पाहिलेत. मॅजिस्ट्रेट साहेब विचारतात, "गुन्हा कबूल आहे का?" मुलगा मोबाइलमध्ये वेळ बघत "हो" म्हणतो. ते रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, उतरतं आणि त्या क्षणापासून ती तुझ्या नावावरची शिक्षा असते. 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला 10,000 रुपये दंड, 6 महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पहिल्या वेळी सहसा दंडावर निभावतं, ते खरं. पण त्याच कायद्याचं कलम 20 कुणी वाचत नाही. 185 खाली शिक्षा झाली की कोर्टाने गाडी चालवायला किमान 6 महिने अपात्र ठरवायचं असतं. शिवाय पुन्हा सापडलास तर ती दुसरी वेळ धरली जाते, म्हणजे 15,000 रुपये दंड, 2 वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. ऑफिस तुला बाहेर पाठवायचं म्हणतंय ना? व्हिसाच्या अर्जात आधी कधी शिक्षा झाली आहे का, असा रकाना बहुतेक ठिकाणी असतो. तिथे काय लिहायचं याचा विचार तारखेच्या आधी करायचा, नंतर नाही.

कबूल करू नकोस असं मी म्हणत नाहीये. कायद्याची मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम आणि तुझ्या श्वास तपासणीच्या चिठ्ठीवर 62. कोणताही वकील त्या 62 चे 26 करू शकत नाही. कदाचित सगळे कागद वाचून तोही कबुलीचाच सल्ला देईल. पण ते वाचून ठरू दे. चिठ्ठीवर नाव, वेळ, गाडीचा नंबर बरोबर आहे का, फक्त 185 लावलंय की भारतीय न्याय संहितेचं 281, म्हणजे बेदरकार गाडी चालवणं, हेही जोडलंय, लायसन्स जमा केल्याची पावती दिली का, हे बघायला हवं. तुला अटक दाखवली असेल तर दोन तासांत डॉक्टरकडून तपासणी झाली का, तेही. दोन्ही कलमं असतील तर एकाच "हो"मध्ये काय काय कबूल करतोयस हे तुला कळलं पाहिजे.

वकील कुठे शोधायचा? फोर्टातलं मोठं नाव नको. त्याची फी तुला झेपणार नाही आणि तारखेला येईल त्याचा ज्युनिअर. तुझ्या कागदावर अंधेरी कोर्ट आहे, तर सुट्टी टाकून एक सकाळ तिथेच जाऊन बस. कोर्ट सगळ्यांना खुलं असतं, मागच्या बाकावर बसायला कुणी अडवत नाही. मोबाइल बंद ठेव. पुकारा झाल्यावर कोण वेळेवर उभा असतो, कोण फाइल उघडून बोलतो, कोण नुसती पुढची तारीख मागतो, हे तासाभरात कळतं. त्यातले दोन-तीन चेहरे लक्षात ठेव आणि बार रूममध्ये, म्हणजे वकिलांच्या खोलीत, जाऊन भेट. गेटवर "ट्रॅफिकची केस का?" म्हणत जो हात धरतो त्याच्याशी बोलूसुद्धा नकोस, काळा कोट घातलेला असला तरी. इंटरनेटवर "शंभर टक्के सुटका" लिहिणाराही नको. वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलची, म्हणजे त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या संस्थेची, मनाई आहे. जो पहिलाच नियम मोडून तुझ्यापर्यंत पोचला, तो तुझे नियम काय सांभाळणार? केस जिंकलो तरच फी, असंही ते ठरवू शकत नाहीत.

भेटल्यावर सनद नंबर, म्हणजे वकिलीच्या परवान्याचा नंबर, विचार. आपल्याकडे तो महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलचा असतो आणि खरा वकील विचारल्यावर चिडत नाही. फी एकरकमी की तारखेगणिक, हे लिहून घे, पावती माग. वकीलपत्रावर, म्हणजे त्याला तुझ्या वतीने उभं राहायचा अधिकार देणाऱ्या कागदावर, सही करण्याआधी ते वाच. कोरं असेल तर सही नाही. केसचा सीएनआर नंबर, म्हणजे तिचा ओळख क्रमांक, मिळाला की कोर्टांच्या ईकोर्ट्स अ‍ॅपवर पुढची तारीख तुलाच दिसेल, म्हणजे वकील म्हणेल तेच खरं, असं राहणार नाही. तारीख चुकवलीस तर वॉरंट निघतं आणि साधं प्रकरण उगाच चिघळतं.

एक सांगायचं राहिलं. तुझा तो मित्र, ज्याची बाइक त्याच रात्री पकडली, त्याला वकील परवडत नसेल तर 15100 वर फोन करायला सांग. कमी उत्पन्न असलेल्यांना विधी सेवा प्राधिकरण फुकट वकील देतं. बायकांना तर उत्पन्न न बघता. तू त्यात बसत नाहीस, तुला पगार आहे. फीही त्यातूनच जाईल, बाबांकडे मागायची नाही.

शनिवारी सगळे कागद घेऊन घरी ये, झेरॉक्स काढून ठेव. गाडी आणू नकोस, मेट्रोने ये. तारखेला बाबा बरोबर येतो म्हणतायत. येऊ देत, पण त्यांना बाहेरच बसव. साहेबांसमोर ते मध्येच बोलतात.

तुझी,
आई