दारापर्यंत

चि. मनू हिस,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री फोन ठेवता ठेवता तू सहज बोलून गेलीस की घरातले दूध संपले म्हणून दुपारी कुबड्या घेऊन खाली जाऊन आलीस. मी त्यावर काहीच बोललो नाही, कारण बोललो असतो तर रागावलो असतो. म्हणून आता लिहायला बसलो आहे. घोट्याला प्लास्टर घालून आज नववा दिवस आहे, घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि येताना हातात पिशवी. जिन्याविषयी मी यापुढे काही लिहिणार नाही. पुढचे पाच आठवडे तुझा किराणा तुझ्या दारापर्यंत कसा येईल, एवढ्यासाठीच हे पत्र आहे.

तू म्हणालीस, "या भागात कोणी घरपोच देत नाही, मी पाहिले." तू एखादेच अ‍ॅप उघडले असशील, 'सेवा उपलब्ध नाही' असे वाचले असशील आणि शोध तिथेच सोडला असशील, असा माझा अंदाज आहे. प्रत्येक सेवेने आपली हद्द स्वतंत्रपणे आखलेली असते. काही मिनिटांत माल आणून देणाऱ्या सेवा जवळपासच्या लहान गोदामातून सामान पाठवतात, जिथे गिऱ्हाइकाला प्रवेश नसतो. त्यामुळे त्यांची हद्द थोड्याच अंतरावर संपते आणि कधी रस्त्याच्या अलीकडे सेवा मिळते, पलीकडे मिळत नाही. मोठ्या गोदामातून दुसऱ्या दिवशी ठरलेल्या वेळी माल देणाऱ्यांची पोच बरीच लांब असते. तिसरा प्रकार म्हणजे आपला माणूस चालू दुकानात पाठवून तिथून सामान उचलून आणणाऱ्यांचा. त्यांचे दर दुकानातल्या दरांपेक्षा कधी कधी जास्त असतात, तेव्हा ते पाहून घे. आणि चौथी सोय कोणत्याच अ‍ॅपमध्ये दिसत नाही: फोनवर यादी घेऊन आपल्याच माणसाकरवी सामान पोहोचवणारे दुकान. ते शोधण्याचा एकच मार्ग आहे, शेजाऱ्यांना विचारणे.

आणि हेच तुला जमत नाही, हे मला ठाऊक आहे. तू नऊ वर्षांची असताना दोन्ही हातांत पिशव्या घेऊन माझ्यापुढे जिना चढत होतीस; मी एक मागितली तेव्हा तू मान हलवून पुढे गेलीस, आणि वर पोहोचल्यावर तुझ्या तळहातांवर पिशव्यांच्या बंदांचे लाल वळ उठलेले होते. त्या दिवशी मी सगळ्यांना कौतुकाने सांगत सुटलो की माझी मुलगी कुणाची मदत घेत नाही. आज वाटते, ते कौतुक मी करायला नको होते. तुझ्या आईच्या आजारपणातही तू अशीच वागलीस. रात्र रात्र जागलीस आणि दादाला मात्र शेवटच्या आठवड्यात कळवलेस. असो. मला ते उकरून काढायचे नव्हते. दादाला मी तुझ्या पायाबद्दल अजून काही सांगितलेले नाही, तू म्हणालीस म्हणून.

शोधताना फक्त पिनकोड टाकून थांबू नकोस. संपूर्ण पत्ता घाल, आणि नकाशावरची खूण आपल्याच इमारतीवर आहे ना, हे बोटाने सरकवून पाहा. नवीन वस्तीत ती पुष्कळदा मागच्या गल्लीत पडते आणि मग सेवा असूनही नाही असे दिसते. सूचनांच्या जागी स्पष्ट लिही: तिसरा मजला, लिफ्ट नाही, पाय जायबंदी असल्याने खाली येता येत नाही. काही सेवा जड सामान तळमजल्यापर्यंतच देतात, म्हणून मागवण्याआधी विचारून घे. मागे माझ्या कंबरेच्या दुखण्यात एकाने सगळे सामान खालीच ठेवले आणि 'पोहोचले' असा निरोप पाठवून तो निघून गेला. मी ते तीन खेपांत वर आणले आणि पुढे आठवडाभर अंथरुणावर होतो. तुझ्या बाबतीत असे घडले तर सामान खाली पडू दे, वाया जाऊ दे, पण तू जिना उतरू नकोस. पाहा, पुन्हा तेच लिहिले. क्षमा कर.

नाशवंत सामान मात्र तू जागी असशील अशाच वेळेला मागव. शीतकपाटात ठेवायचे पदार्थ 2 तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर राहू नयेत, आणि हवा 32 अंशांच्या वर असेल तर 1 तासच. शीतकपाटाचे तापमानही 5 अंशांच्या खाली आहे ना, ते पाहा. एखादी वस्तू नसली तर तिच्याऐवजी दुसरी पाठवण्याची मुभा त्यांना देऊ नकोस. तुझ्या अ‍ॅलर्जीची धास्ती मी अजून विसरलेलो नाही. पोहोचवण्याचे शुल्क, हाताळणीचे शुल्क आणि किमान खरेदीची अट या तिन्ही गोष्टी शेवटच्या पानावर दिसतात, तेव्हा दोन ठिकाणची तुलना तिथेच कर. फुकट सदस्यत्व घेतलेस तर मुदत संपताच ते पुष्कळदा आपोआप सशुल्क होते, ती तारीख लिहून ठेव.

परवा एक गोष्ट वाचनात आली. 1984 साली इंग्लंडमधल्या गेट्सहेड इथे 72 वर्षांच्या एका आजींनी घरातल्या टीव्हीला जोडलेल्या यंत्रणेवरून किराणा मागवला होता. ज्यांना बाहेर पडणे अवघड जाते अशा वृद्धांसाठी तिथल्या नगरपालिकेचा तो उपक्रम होता. म्हणजे तिथे ही सोय बाहेर पडणे अवघड असणाऱ्यांसाठी सुरू झाली, आळशांसाठी नव्हे. घरपोच सामान मागवण्याला तू 'चैन' म्हणालीस, तो शब्द माझ्या मनाला फार लागला. पाय मोडलेल्या माणसाने दुसऱ्याच्या पायांनी सामान आणवणे यात कसली चैन आहे, मनू?

पैशांचा संकोच असेल तर तो भार माझ्यावर टाक. पूर्ण पत्ता, फाटक कोणत्या बाजूला आहे ते आणि पंधरा दिवसांची यादी आज पाठव. मी इथूनच मागवून पाहतो, म्हणजे कोण येते आणि कोण येत नाही ते दोघांनाही कळेल. सामान आणणारा दाराशी येईल तेव्हा घाईने उठू नकोस, दोन मिनिटे थांबा म्हणून आतूनच सांग.

तुझा,
बाबा

ता. क. जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा आहे की एकाच, तेवढे कळव.