माळावरची हत्यारे बुटांखाली मोडताहेत

महोदय,

मी मोहोळ तालुक्यातला, निवृत्त भूगोल शिक्षक. सीनाकाठच्या आमच्या माळावर मुरमात गारगोटीच्या धारदार कपच्या दिसतात, नखाएवढ्या, बोटाच्या पेराएवढ्या. ही अश्मयुगातल्या माणसाने घडवलेली हत्यारे. पंचवीस वर्षे मी त्या जागच्या जागी पाहत आलो, एकही घरी आणली नाही.

गेल्या महिन्यात एका महाविद्यालयाची सहल आली. साठ-सत्तर मुले बूट घालून माळभर पांगली. दुसऱ्या दिवशी जाऊन पाहतो तर ओळखीच्या कितीतरी कपच्या मधोमध मोडलेल्या. जुन्या कपचीवर मळकट पांढुरकी पुटे चढलेली असतात. मोडल्या जागी आतला दगड ताजा, काचेसारखा चमकत होता. फार वाईट वाटले.

सोबतच्या प्राध्यापकांना मी बोललो, तर म्हणाले, "इथं मेंढरं रोजच फिरतात की." खरे आहे, मेंढरांच्या खुरांनीही मोडतात. शेजाऱ्याच्या शेळ्यांच्या वाड्याच्या तोंडाशी, टणक मुरमावर, मी स्वतः दगड फोडून काढलेल्या नव्या कपच्या पसरून पाहिल्या होत्या. कपचीखाली खडा असला की वजनाने ती वाकते आणि काडकन मोडते. काही अखंड राहिल्या, पण त्यांच्या धारेला खाचा पडल्या. त्या खाचा माणसाने मुद्दाम पाडल्यासारख्याच दिसतात! उद्या एखादा अभ्यासक त्यांवरून लाकूड तासायचे हत्यार म्हणून नोंद करील, आणि ती चूक आपल्या पायांनी केलेली असेल.

ओल्या जमिनीचे दुखणे वेगळे. आंध्रातल्या जुर्रेरू नदीच्या खोऱ्यात संशोधकांनी दगडी कपच्यांवरून म्हशी आणि शेळ्या चालवून पाहिल्या. 2010 मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. भिजल्या मातीत काही कपच्या जवळजवळ वीतभर खाली रुतल्या. म्हणजे वरच्या थरातली वस्तू खालच्या, जुन्या थरात जाऊन बसते आणि काळाचा हिशेबच चुकतो. आपल्या काळ्या मातीला तर उन्हाळ्यात भेगाही पडतात, त्यांतूनही वस्तू खाली जातात.

मेंढपाळांना माळ बंद करा, असे मी मुळीच म्हणत नाही. त्यांचे पोट त्यावर आहे. सहली नेणाऱ्यांना मात्र हात जोडून विनंती आहे: पाऊस झाल्यावर चार दिवस येऊ नका, आणि आलात तर एकामागे एक, आखल्या वाटेनेच चाला. आधी कळवलेत तर वाट दाखवायला मी येईन, फक्कीही मीच मारून ठेवीन.

— एक निवृत्त शिक्षक, मोहोळ (जि. सोलापूर)