उभं राहिलेलं इंजिन

प्रिय मित्रा,

तुझा व्हॉइस मेसेज काल तीनदा ऐकला, तिसऱ्यांदा हिलाही ऐकवला, तर ही म्हणाली म्हणजे तुमच्या मित्रालापण हाच रोग लागला का. फोनच करणार होतो पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस, मध्येच किंमत सांगायला लागतोस, म्हणून लिहितोय. इकडे पेडण्यात पाऊस नुसता झोडपतोय, लाइट सकाळपासून दोनदा गेली, इन्व्हर्टर आहे तोवर लिहून टाकतो.

तर तुझं म्हणणं असं की १९७६ ची सेसना १७२, ते छोटं विमान, मिळतेय, ओव्हरहॉलनंतर, म्हणजे पूर्ण उघडून नव्यासारखं केल्यावर, इंजिन जेमतेम ४०० तास चाललंय, आणि मालकाने गेली ५ वर्षं ती उडवलीच नाही, हँगरमध्ये नुसती झाकून ठेवलीय. आणि हे तू असं सांगितलंस की जणू आजीने पेटीत जपलेली पैठणी. अरे बाबा, मला त्या ४०० तासांचं काही नाही, मला त्या ५ वर्षांची भीती वाटते. तेच इंजिन १४०० तास चाललेलं पण दर आठवड्याला उडणारं असतं ना, तर मी म्हटलं असतं चल, उद्याच बघून येऊ.

आमचं काय झालं ते तुला अर्धवटच माहितीय. लाज वाटत होती म्हणून सांगितलं नव्हतं.

आमची १९७५ ची, १७२ एम, तिघांत मिळून घेतलेली, मी, डॉक्टर आणि आमचा काजूवाला. एरवी ती बेळगावला सांबऱ्याला हँगरात असते. गोव्यात ठेवणार कुठे? दाबोळी नेव्हीचा तळ. मोपाचं नवं विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झालं ते माझ्या घरापासून वीस मिनिटांवर, पण तिथे आमचं हे चार सीटचं कायमचं ठेवायचं म्हणजे फाइव्ह स्टार हॉटेलच्या पोर्चमध्ये लूना लावून ठेवल्यासारखं. म्हणून मग चोर्ला घाटातून तीन तास गाडी हाणत बेळगावला जायचं, आणि तिथून अर्ध्या तासात उडत परत गोव्यात यायचं, आणि परत विमान सोडायला बेळगाव. यात वेळ नक्की कुठे वाचतो असं ही अजून विचारते, मी अजून विषय बदलतो.

गेल्याच्या गेल्या वर्षी मे महिन्यात असेच मोपाला आलो, दोन दिवस राहू म्हटलं. परत निघताना रनअपला, म्हणजे उडण्याआधी इंजिन जागेवर तपासतात तेव्हा, १७०० आरपीएमवर मॅग्नेटो चेक करायचा असतो ना, उजवा ठीक, डावा लावला तर सुई सव्वादोनशेने खाली आणि इंजिन थरथरायला लागलं, मलेरियाचा ताप चढल्यासारखं. सव्वाशेपर्यंत चालतं, त्याच्या पुढे नाही. आता एका मॅग्नेटोवरही इंजिन चालतं, म्हणूनच तर दोन दिलेले असतात, बॅटरी मेली तरी आपापली ठिणगी पाडणारे, लूनासारखेच. पण समोर सह्याद्री. मी परत वळवलं. मॅग्नेटो काढून पाठवला, तो दुरुस्त होऊन यायला तीन आठवडे, तोवर पावसाळा लागला, घाट ढगात, आणि त्यात जूनमध्ये आमचं एआरसी संपलं, म्हणजे दरवर्षीचं ते उडण्यालायक असल्याचं सर्टिफिकेट, ते संपलं की विमान कायद्याने नुसता पत्रा. एकातून एक. चार महिने ती मोपाच्या सड्यावर उघड्यावर उभी, कव्हर घालून, दोरांनी बांधून, आणि गोव्याचा पाऊस तुला माहितीय, वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या आसपास, तोही जवळजवळ सगळा त्याच चार महिन्यांत.

आणि आम्ही काय केलं? आम्ही प्रेम केलं. दर रविवारी परवानगी काढून जायचो, कव्हर उघडायचो, इंजिन दहा मिनिटं चालू करायचो, ऐकायचो, खूश व्हायचो, बंद करून घरी येऊन शीत-हुमण खायचो. डॉक्टर तर म्हणायचा पेशंटला रोज थोडं चालवलं पाहिजे.

ऑक्टोबरमध्ये एकदाच उडायची खास परवानगी मिळाली, बेळगावला न्यायची. मी टाकीखालचा ड्रेन दाबून कपात पेट्रोल घेतलं, पहिला कप एकदम स्वच्छ, काचेसारखा, पाण्याचा थेंब नाही की रेषा नाही. मी म्हटलं वा. बेळगावचे आमचे इंजिनिअर काका आले होते, वास्कोचेच मूळ, नेव्हीतून रिटायर. त्यांनी कप माझ्या हातातून घेतला, उजेडात धरला आणि म्हणाले, निळा कुठाय? अरे, आपलं अ‍ॅव्हगॅस १००एलएल, म्हणजे विमानाचं पेट्रोल, निळं असतं, हलकं आकाशी. तो अख्खा कप पाणी होता! पेट्रोल त्यात नव्हतंच, मग रेषा दिसणार कुठून. पाणी जड, खाली बसतं, आणि सेसनाच्या टाकीची झाकणं पंखाच्या वरच्या बाजूला, त्यांचं रबर कडक झालं की पाऊस थेट आत झिरपतो. सात कप काढले डाव्या टाकीतून तेव्हा निळं दिसायला लागलं. त्या दिवशी काका नसते तर हे पत्र तुला कुणी लिहिलं असतं माहीत नाही.

आणि डाव्या पंखाखाली स्ट्रटच्या, म्हणजे पंखाच्या तिरक्या टेकूच्या, मागे टाकीत हवा जायला एक बारकी नळी असते, ती कुंभारीण माशीने लिंपून टाकलेली, आपल्या लाल मातीने, घराच्या भिंतीवर करते तसंच नीट घर. वेग मोजणाऱ्या पिटो ट्यूबला आम्ही कव्हर घातलं होतं, या नळीचं कुणाच्या डोक्यातच नाही आलं.

हे सगळं साफ केलं, उडालो, पोचलो. खरी गोष्ट पुढे आहे.

बेळगावला काकांनी तेल बदललं, फिल्टर काढला आणि कापला. जुन्या इंजिनाचं हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महत्त्वाचं काम, दर ५० तासांनी तेल आणि फिल्टर, आणि फिल्टर तसाच फेकायचा नाही, कापून आतला घडीचा कागद उलगडायचा. काकांनी तो वर्तमानपत्रावर पसरला आणि उन्हात नेला. चमकत होता रे. लग्नातल्या चमकीसारखा. काकांनी खिशातून छोटं लोहचुंबक काढून वरून फिरवलं, त्याला बारीक केस आल्यासारखे तुकडे चिकटले. अ‍ॅल्युमिनियम असतं तर चिकटलं नसतं. म्हणजे स्टील. काका काही बोलले नाहीत, नुसता चष्मा काढला आणि पुसला. त्यांनी चष्मा पुसला की डॉक्टर घाबरतो.

आता हे का झालं ते नीट वाच, कारण तुझ्या त्या पैठणीत हेच असणार. आपलं इंजिन म्हणजे लायकमिंग ओ-३२०, चार सिलिंडर, ५.२ लिटर, आणि ताकद १५० हॉर्सपॉवर, हसू नकोस, पण ते तासन्‌तास फुल पॉवरच्या पाऊण भागावर राबतं आणि ओव्हरहॉल २००० तासांनी सांगितलंय. फक्त एक खोड. यात कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, क्रँकशाफ्टच्या वर बसवलाय. इंजिन बंद झालं की तेल खाली उतरतं आणि कॅमशाफ्ट वर उघडा पडतो. आठवडाभर तेलाचा थर टिकतो, महिन्याभराने नाही, मग आपल्याकडची दमट खारी हवा आत जाते आणि कॅमच्या त्या आरशासारख्या पॉलिश केलेल्या तोंडावर गंजाचे बारीक ठिपके उठतात. पुढच्या वेळी इंजिन फिरलं की कॅमवर टेकलेला टॅपेट त्या ठिपक्यांवरून घासतो, पापुद्रे सुटतात. म्हणूनच तासांबरोबर वर्षांचीही मर्यादा असते, पण मालक ती सांगत नाहीत तुला, नुसते तास सांगतात. कंपनीने २००० तास किंवा १२ वर्षं, जे आधी होईल ते, असं लिहिलंय. वर्षं पण मोज.

मग आमचं दर रविवारचं प्रेम? काका म्हणाले, तुम्ही आठवड्याला पाणी पाजत होता तिला. पेट्रोल जळलं की पाणी तयार होतंच, ते थोडं पिस्टनच्या रिंगांमधून खाली तेलात जातं. उडताना तेल ८० अंशांच्या वर जातं आणि तिथेच अर्धा-पाऊण तास राहतं, तेव्हा ती वाफ ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनाच्या श्वासाच्या नळीतून, बाहेर पडते. जमिनीवर दहा मिनिटांत तेल कोमट होतं, वाफ तिथेच थंड होऊन आतल्या आत दहिवरासारखी बसते. उडवता येत नसेल तर हात लावू नका, स्पार्क प्लगच्या जागी सिलिका जेलचे प्लग बसवा, एक्झॉस्ट आणि ब्रीदर बंद करा, तेच बरं. निळे खडे गुलाबी झाले की बदला. इतकी साधी गोष्ट, बुटांच्या डब्यात पुडी येते ती.

शेवटी एक सिलिंडर उतरवला, टॉर्च आत मारला, आणि कॅमचं तोंड दिसलं. खोबरं खवल्यावर करवंटीची आतली बाजू दिसते ना, तसं. कॅम बदलायचा म्हणजे केस, इंजिनाचं बाहेरचं कवच, फोडायची, केस फोडायची म्हणजे अख्खं इंजिन, आणि अख्खं इंजिन म्हणजे आठ महिने आणि तिघांत वाटूनसुद्धा असा आकडा की मी हिला अजून दोन हप्त्यांतच सांगितलाय, तिसरा बाकी आहे. काजूवाल्याने तर त्या वर्षी नवीन भट्टी घेतली नाही.

पार्ट मिळतात हा एक दिलासा, सेसनाने १७२ ही १९८६ ला थांबवून १९९६ ला परत सुरू केली आणि आजवर ४४ हजारांहून जास्त बनवल्या, त्यामुळे आपली म्हातारी एकटी नाही. पेट्रोलचंही २०२२ पासून बरं झालंय, इंडियन ऑइल बडोद्याच्या रिफायनरीत बनवायला लागली, आधी सगळं बाहेरून यायचं. ताशी ३०-३२ लिटर पिते, ते तू गाडीच्या हिशेबाने मोजू नकोस, त्रास होईल.

तर तू असं कर. मालकाला फोन कर आणि एकच विचार, एक सिलिंडर उतरवून आत बघू द्याल का, खर्च आमचा, जोडून पण देतो. कंप्रेशन, म्हणजे सिलिंडरातला दाब, चांगलं आहे म्हणून तो कागद दाखवेल, दाखवू दे, कॅम कसाही असला तरी कंप्रेशन चांगलंच येतं. पेंट पण बघू नकोस. पंखाच्या कडेला रंगाखाली गांडूळ सरपटल्यासारख्या रेषा आहेत का ते बघ, आणि रिव्हेटच्या भोवती मिठासारखी पांढरी भुकटी. अ‍ॅल्युमिनियमचा गंज तसा असतो, तांबडा नाही. त्याच्या त्या हँगरच्या मागेच खाडी आहे म्हणालास ना?

हो म्हणाला तर काकांना घेऊन मी येतो, त्यांना फक्त जाताना-येताना मासे पाहिजेत. नाही म्हणाला तर तुला उत्तर मिळालं, मग तू चवथीला सरळ इकडे ये, गणपतीवरची माटोळी बांधायला एक उंच माणूस कमी आहे. फिल्टरचा तो कागद मी फेकला नाहीये, लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ठेवलाय, आलास की दाखवतो.

तुझाच,
पेडण्याचा पायलट

ता. क. सीटचे रूळ राहिलेच. जुन्या सेसनात पायलटची सीट ज्या रुळावर सरकते त्याची भोकं झिजून लांबट होतात आणि पिन नीट बसत नाही. माझी एकदा सांबऱ्याला टेकऑफला, नाक वर उचलताना, एक खाच मागे सरकली, एकच, पण हात आपोआप कंट्रोलला लोंबकळतो आणि नाक अजून वर जातं. सीटवर बसून पाय रोवून जोरात मागे रेटून बघ. मालकासमोरच बघ.