चार ओळी जास्त लागल्या तरी चालतील

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी मूळची यवतमाळ जिल्ह्यातली. गेली एकोणीस वर्षं अमेरिकेत आयोवा राज्यात राहते, तेही शहरात नाही, वायव्येकडच्या हजारभर वस्तीच्या एका गावात. गावात धान्याचा एक उंच एलिव्हेटर, म्हणजे धान्य साठवायचं कोठार, दोन चर्च, पोस्ट, एक कॅफे आणि मी जिथे काम करते ते औषधाचं दुकान, आणि गाव संपलं की चहूकडे मका नि सोयाबीन. तुमचा पेपर रोज सकाळी फोनवर वाचते. मागच्या आठवड्यात आमच्या तालुक्यातल्या एका कास्तकाराच्या आत्महत्येची बातमी वाचली, चार ओळींची, आणि तेव्हापासून हे पत्र डोक्यात घोळतंय.

इथे गावात कोणी गेलं की आधी दुकानांच्या दारांवर एक छोटं कार्ड लागतं, नाव, वय, अंत्यविधी कधी नि कुठल्या चर्चमध्ये. दुपारी लोकल रेडिओवर मक्याच्या भावाच्या आगेमागे मयतांची नावं वाचतात आणि तेवढा वेळ कॅफेतली माणसं बोलायचं थांबतात, हे मी स्वतः कितीदा पाहिलंय. आणि मग साप्ताहिकात मृत्युलेख येतो. मृत्युलेख म्हटलं की आपल्याला पुढारी नाहीतर लेखक आठवतो, पण इथे तो सगळ्यांचा येतो, एलिव्हेटरवर वजनकाट्याशी तीस वर्षं बसलेल्या माणसाचा, शाळेची बस चालवणाऱ्या बाईचा, कुणाशी फारसं न बोलणाऱ्या एकट्या म्हाताऱ्याचाही. कुठल्या टाउनशिपमध्ये जन्म, शाळा कुठली, लग्न कधी, किती वर्षं शेती केली, गाई होत्या की डुकरं, हात कशात चांगला होता, आणि शेवटी दोन याद्या, आधी गेलेले कोण आणि मागे राहिलेले कोण. आपल्याकडे "त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले, सुना, नातवंडे असा परिवार आहे" लिहितात तसंच, फक्त इथे प्रत्येकाचं नाव असतं. आधी गेलेल्यांच्या यादीत कधी कधी सत्तर वर्षांपूर्वी जन्मल्या दिवशीच गेलेलं बाळ असतं, नावासकट. ते वाचताना मी दर वेळी थांबते.

आमच्या शेजारी एक आजी होत्या, 2023 च्या फेब्रुवारीत गेल्या, 94 वर्षांच्या. दर महिन्याला बीपीच्या गोळ्या न्यायला दुकानात यायच्या आणि जून लागला की मला हमखास विचारायच्या, तुमच्याकडे पाऊस आला का? यवतमाळ हा शब्द त्यांना शेवटपर्यंत जमला नाही पण तिथे मृग कोरडा गेला की पेरणी मोडते हे त्यांना पक्कं माहीत होतं. त्यांच्या मृत्युलेखात लिहिलं होतं की एका खोलीच्या शाळेत आठवीपर्यंत शिकल्या, 1949 साली लग्न झालं, हंगामात मक्याची गाडी एलिव्हेटरला स्वतः न्यायच्या, आणि 1958 पासून बँकेकडून मिळणाऱ्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजचा पाऊस लिहायच्या. अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात जेवण असतं, ते बायाच करतात, लोणी लावलेल्या बनमध्ये हॅम, चीज घातलेले बटाटे, जेलीचं सॅलड, भल्यामोठ्या भांड्यात कॉफी. त्या दिवशी एका लांब टेबलावर आजींची साठ-बासष्ट कॅलेंडरं मांडून ठेवली होती. लोक ताटं हातात घेऊन आपापल्या लग्नाचा दिवस, पोरांच्या जन्माचा दिवस शोधत होते. पेन्सिलीने दोन दशांशापर्यंत पाऊस, आणि एखाद्या चौकोनात एवढंच, "गारा. सोयाबीन गेलं." एक साठीचा दांडगा शेतकरी 1988 च्या दुष्काळाचं पान उघडून उभा राहिला, जून महिना जवळजवळ कोराच, आणि तो बोटाने एकेक चौकोन चाचपत होता.

मी काही इथलं सगळं गोड म्हणून सांगत नाहीये. लायब्ररीत जुने अंक मायक्रोफिल्मवर आहेत, मी सुट्टीच्या दिवशी जाऊन बघते, तर शंभर वर्षांपूर्वीच्या अंकांत बाई गेली की ती "मिसेस अमुक तमुक", नवऱ्याचंच नाव आणि नवऱ्याचंच आडनाव, तिचं स्वतःचं नाव शोधायला थडग्याचा दगडच बघायला जावं लागतं. आणि ज्यांची ही जमीन मुळात होती त्यांच्या मेलेल्यांना तर कुणी मेलेलं माणूससुद्धा धरत नव्हतं. 1971 मध्ये याच राज्यात ग्लेनवूडजवळ रस्त्याच्या कामात एक जुनी दफनभूमी लागली, 26 गोऱ्या माणसांचे अवशेष दुसरीकडे रीतसर पुरले, आणि एका मूळनिवासी बाईची नि तिच्या बाळाची हाडं अभ्यासाला म्हणून लॅबमध्ये पाठवली. मारिया पिअर्सन नावाच्या, यँक्टन या मूळनिवासी जमातीच्या बाई त्यावरून थेट गव्हर्नरच्या ऑफिसात जाऊन उभ्या राहिल्या, वर्षानुवर्षं भांडल्या, आणि 1976 मध्ये आयोवाने अशा जुन्या दफनांना संरक्षण देणारा कायदा केला, पुढे 1990 साली अख्ख्या देशाचा कायदा झाला. कोणाचं मरण मोजायचं हे असं भांडून मिळवावं लागतं.

शेतकऱ्यांच्या बाबतीतही तेच. 1981 मध्ये आयोवात जमिनीचा सरासरी भाव एकरी 2,147 डॉलर होता, 1986 मध्ये 787. मधल्या पाच वर्षांत व्याजाचे दर आभाळाला भिडलेले, आधीच्या तेजीत ज्यांनी बँकेच्याच सल्ल्याने जमिनी घेतल्या होत्या त्यांच्याकडे तारण म्हणून काही उरलं नाही, आणि लिलाव सुरू झाले. लोक कोर्टाच्या हिरवळीवर पांढरे क्रॉस रोवायचे, गेलेल्या एकेका शेतासाठी एक. त्यात माणसंही गेली. त्या वर्षांचे अंक वाचले की मृत्युलेखात असं वाक्य येतं, "आपल्या शेतावर अचानक निधन झाले", वय 47, वय 52, आणि गावाला कळायचं. कारण लिहीत नव्हते. ती लाज मला बरोबर वाटत नाही, कारण लिहिलं असतं तर कदाचित बाजूच्या शेतावरचा माणूस कुणाशी तरी बोलला असता. पण त्याच्या पुढे त्या माणसाचं आयुष्य पूर्ण लिहिलेलं असायचं. त्याने फार्मॉल ट्रॅक्टर स्वतः खोलून नीट केला, पत्ते खेळायचा, पोरींना सॉफ्टबॉल शिकवायचा. त्याचं कर्ज किती होतं हे त्यात कुठेच नसायचं.

आणि माणूस गेल्यावर त्याचं वावर तसंच उभं राहत नाही, हेही सांगायला पाहिजे. दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात आमच्याकडे एक शेतकरी गेला, मका उभा होता. शनिवारी सकाळी शेजारचे नऊ जण आपापले कंबाइन, म्हणजे कापणी-मळणीची यंत्रं, घेऊन आले, मागून धान्याचे ट्रक, संध्याकाळपर्यंत सगळा मका एलिव्हेटरला. त्यांची स्वतःची कापणी राहिली होती. आपल्याकडे इर्जिक म्हणतात ना, तसंच, फक्त इथे ज्याच्यासाठी ते होतं तो आदल्या मंगळवारी पुरला गेला होता. त्याची बायको अंगणात उभी राहून प्रत्येक कंबाइन कुणाचं ते नाव घेऊन सांगत होती.

मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी मेमोरियल डे असतो, जुनी माणसं अजून डेकोरेशन डे म्हणतात. कॉफीच्या डब्यांना चंदेरी कागद गुंडाळून त्यात अंगणातली पिओनीची फुलं घेऊन सगळे दफनभूमीत जातात, आणि तिथे पुरलेल्या प्रत्येक सैनिकाचं नाव मोठ्याने वाचतात, यादवी युद्धापासून. त्या युद्धात आयोवाचे सुमारे 76,000 लोक लढायला गेले होते, 13,000 परतले नाहीत, बहुतेक आजारानेच मेले. नाव वाचायला अर्धा तास लागतो, ऊन असतं, पण कुणी हलत नाही. जुन्या भागातले दगड जर्मनमध्ये आहेत, 1918 मध्ये इथल्या गव्हर्नरने इंग्रजीखेरीज दुसरी भाषा चारचौघांत बोलायलाच बंदी घातली होती आणि तिथून पुढे दगडही इंग्रजी होत जातात, आता नव्या ओळींत स्पॅनिश नि लाओ नावं दिसायला लागलीत.

आता ही पद्धतही धोक्यात आहे. 2005 पासून अमेरिकेत तीन हजारांच्या वर वृत्तपत्रं बंद पडली, त्यात सगळ्यात जास्त अशी गावोगावची साप्ताहिकं. आमच्या गावचंही गेलं. पूर्वी मृत्युलेख फुकट छापायचे, आता शेजारच्या मोठ्या गावच्या पेपरात इंचावर पैसे पडतात, मग लोक कॅलेंडरं नि पावसाची गोष्ट काढून टाकतात आणि नाव, वय, वेळ एवढंच ठेवतात. आजींच्या मुलाने पूर्ण मजकुराचे पैसे भरले, प्रत्येकाला ते जमत नाही.

म्हणून तुम्हाला लिहितेय. 2006 मध्ये माझे काका गेले. पेपरात आलं होतं, "नापिकी व कर्जबाजारीपणाला कंटाळून पाच एकर शेती असलेल्या शेतकऱ्याने आत्महत्या केली", पुढे बँकेची नि सावकाराची रक्कम. मग प्रकरण सरकारी मदतीला पात्र की अपात्र यावर कागद फिरत राहिले आणि काकू दर वेळी तहसीलला तीच चार ओळींची कात्रण घेऊन जायची. आमच्या घरात काकांबद्दल छापलेलं दुसरं काही नाही. रक्कम छापू नका असं मी म्हणत नाही, सरकारला जाब विचारायला ती लागतेच. पण तुमचा वार्ताहर घरी जातो, ओसरीवर बसतो, चहा घेतो, तर त्याने आणखी एकच विचारावं, माणूस कसा होता. चार ओळी जास्त लागल्या तरी चालतील, जाहिरातीतून तेवढी जागा निघेल.

आणि उशीर झाला असला तरी काकांचं एवढं छापा अशी माझी विनंती आहे, मी इथल्या पद्धतीने लिहिलंय:

वय 44. जन्म गावातच, आजीच्या घरी. शिक्षण सातवीपर्यंत, पुढे बाबांसोबत वावरात. पाच एकरांत पऱ्हाटी, तूर आणि शेवटची तीन वर्षं सोयाबीन. दरवर्षी सप्ताहात सात दिवस मृदंग त्यांच्याकडेच असे आणि गावातल्या अकरा पोरांना त्यांनी तो शिकवला. बैल नुसता चालताना बघून कोणत्या पायात दुखतंय ते सांगत. पुतणीला सायकलवर बसवून रोज पाच किलोमीटर शाळेत सोडलं, बारावीपर्यंत. त्यांच्या आधी आई, वडील आणि एक लहान मुलगी गेली. मागे पत्नी, दोन मुलं, एक भाऊ, एक पुतणी.

नाव वेगळ्या मेलमध्ये पाठवलंय. काकूला फोन करून विचारल्याशिवाय ते छापू नका.

आपली एक वाचक,
आयोवा