वेपचा माउथपीस निवडणं म्हणजे नुसता शौक नाही

संपादकांना सप्रेम नमस्कार,

तुमच्या रविवारच्या पुरवणीत परदेशातल्या मुलांच्या वेपिंगवर, म्हणजे ई-सिगारेट ओढण्यावर, जो लेख आला होता तो वाचला. मुलांबद्दलची काळजी शंभर टक्के पटली, पण त्यात एक वाक्य असं होतं की हे लोक तोंडात धरायची नळीसुद्धा मोबाईलच्या कव्हरसारखी सारखी बदलत बसतात, इतका तो शौक झालाय. ते वाक्य काही डोक्यातून जाईना म्हणून लिहायला बसले. मी मूळची कराडची, बरीच वर्षं इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला राहते आणि माझ्या नवऱ्याची सिगारेट सुटली त्यात त्या नळीचा वाटा खूप मोठा आहे, म्हणून मला ते शौक वगैरे म्हटलेलं लागलं.

आधीच सांगते, भारतात ई-सिगारेटवर २०१९ पासून बंदी आहे. खाली जे लिहिलंय ते इथल्या, म्हणजे ब्रिटनमधल्या मोठ्या माणसांसाठी आहे, जे आधीपासून सिगारेट ओढतात आणि सोडायची म्हणतात त्यांच्यासाठी. इथे आपली मराठी माणसं आता भरपूर आहेत, त्यातले कितीतरी जण कामावरच्या ब्रेकमध्ये पार्किंगच्या कोपऱ्यात उभे असतात आणि ते तुमचा पेपर फोनवर वाचतात. इथली आरोग्यसेवा, एनएचएस, सरळ सांगते की वेप सिगारेटपेक्षा खूप कमी घातक आहे पण बिनधोक नाही, जो सिगारेट ओढत नाही त्याने वेपला हात लावू नये आणि १८ वर्षांखालच्यांनी तर अजिबात नाही. मलाही तेच म्हणायचंय.

तर नवऱ्याची गोष्ट. पुण्यात इंजिनिअरिंगला असताना हॉस्टेलवर लागलेली सिगारेट, इथे आल्यावर थंडीत कुडकुडत मागच्या दारात उभा राहून ओढायचा पण सोडायचा नाही. निकोटीनचं च्युइंगगम झालं, अंगाला चिकटवायच्या निकोटीनच्या पट्ट्या झाल्या, मग कुणीतरी म्हणालं वेप घे, म्हणून एका दुकानात गेला. तिथल्या पोराने एक शब्दही न विचारता भलंमोठं डबडं हातात दिलं, वर अंगठ्याएवढ्या जाडीचं रुंद तोंड, आत भरायचं लिक्विड, ज्याची वाफ होते, ते पण जास्त निकोटीनचं, आणि म्हणाला हेच सगळ्यात जास्त चालतं. पहिल्याच झुरक्याला असा ठसका लागला की डोळ्यातून पाणी, रात्रभर घसा खरवडल्यासारखा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत सिगारेट. वर "वेप आपल्यासाठी नाही" हे डोक्यात पक्कं बसलं. अशी किती माणसं असतील विचार करा, ज्यांना चुकीची वस्तू हातात दिली म्हणून ती परत सिगारेटकडे गेली.

मग इथल्या कौन्सिलची सिगारेट सोडवायला मदत करणारी जी सेवा असते, फुकट असते ती, तिथे मी त्याला जवळजवळ ओढत नेलं. तिथल्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला तो हा की तुम्ही सिगारेट कशी ओढता, आधी तोंडात धूर घेता आणि मग आत नेता की सरळ छातीत ओढता? नवरा गोंधळला, कारण हा विचार कोण करतो, मग त्यांनी त्याला एक रिकामी पेन्सिलीएवढी नळी देऊन ओढून दाखवायला सांगितलं. गाल आत गेले, क्षणभर थांबला, मग श्वास. त्या म्हणाल्या बघा, तुम्ही तोंडातून ओढणारे, तुम्हाला अरुंद तोंडाचं पाहिजे. ड्रॉवर उघडून एक छोटं मशीन काढलं, त्याच्यावर काळी, लांबट, सिगारेटएवढ्याच जाडीची टिप, म्हणजे तोंडात धरायची तीच नळी, बसवली, त्याच्यावर एक पातळ रबरी टोपी घातली, चाचणी झाली की फेकून देतात ती, आणि म्हणाल्या आता ओढा. ठसका नाही. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी अजून विसरले नाही. त्यानंतर सिगारेट सुटली ती सुटली.

यात जादू काही नाही, साधी गोष्ट आहे. सिगारेट ओढणारे बहुतेक जण दोन टप्प्यांत ओढतात, आधी तोंडात मग फुफ्फुसात. त्याला जो थोडा अडथळा, जो थोडा जोर लावावा लागतो, त्याची सवय ओठांना आणि गालांना वर्षानुवर्षं झालेली असते. अरुंद भोकाची टिप, एक ओहमच्या आसपासची किंवा वरची कॉइल (लिक्विड तापवून वाफ करणारी तार), दहा-पंधरा वॉटची ताकद, हे सगळं मिळून तीच ओढ देतं, वाफ कमी आणि निकोटीन पुरेसं. रुंद तोंडाची मशीन्स एक ओहमच्या बऱ्याच खालच्या कॉइलवर चाळीस-पन्नास वॉट आणि त्याच्याही वर चालतात, त्यात वाफ सरळ छातीत घ्यायची असते आणि म्हणूनच त्यात ३ किंवा ६ मिलिग्रॅमचं हलकं लिक्विड घालतात. तिथे कुणी २० मिलिग्रॅमचं घातलं (इथे कायद्याने मिलिलिटरला २० हीच कमाल मर्यादा आहे) तर घशाची काय अवस्था होणार? नवऱ्याच्या बाबतीत नेमकं हेच झालं होतं. आणि एक खरं तेही सांगते, ओढ मुळात ठरते ती कॉइलजवळच्या हवेच्या भोकाने, ते फिरवून लहानमोठं करता येतं, त्यामुळे नुसती टिप बदलून सगळं होईल असं कुणी समजू नका. आधी हवा कमी करून बघायची, मग टिप. पण ओठांना जे लागतं ते टिपच, म्हणून माणूस टिकतो की नाही ते तिच्यावर पण ठरतं.

आता मापाचं. सुट्या टिपांची दोनच मापं मुख्य आहेत, ५१० आणि ८१०. ५१० म्हणजे बारीक, बसायची जागा साधारण साडेआठ मिलिमीटरची, ८१० त्याच्या दीडपट जाड. सिगारेट सोडणाऱ्याला बहुतेक वेळा ५१०च लागते. ८१० मध्ये एक वेगळीच कटकट आहे, काही टाक्यांमध्ये, म्हणजे मशीनच्या लिक्विड भरायच्या भागात, रबराची रिंग टाकीच्या तोंडात असते आणि काहींमध्ये ती टिपवर असते, त्यामुळे दोन्ही ८१० असूनही एक दुसऱ्यात ढिली होते नाहीतर बसतच नाही, लोक पैसे घालवून बसतात. विकत घ्यायला जाताना आपलं मशीन सोबत न्यावं, तिथेच बसवून उलटं करून बघावं, पडली नाही पाहिजे. आणि हल्ली जे छोटे पॉडवाले, म्हणजे लिक्विडची छोटी डबी बसवायचे वेप येतात त्यात तोंड पॉडबरोबरच जोडलेलं असतं, चपटं, बदकाच्या चोचीसारखं, ते बदलताच येत नाही, म्हणजे तिथे मशीन घेतानाच तोंड बघून घ्यायचं. काहींना चपटं ओठात धरायला बरं वाटतं, माझ्या नवऱ्याला नाही, त्याला गोलच पाहिजे, हे ज्याचं त्याने ओठाला लावून ठरवायचं.

मग येतो माल कशाचा आहे तो प्रश्न, आणि इथे मात्र दिसण्यावर जाऊ नका अशी हात जोडून विनंती आहे. दुकानात काचेच्या बरणीत रंगीबेरंगी रेझिनच्या टिपा ठेवलेल्या असतात, सापाच्या कातडीसारखी नक्षी वगैरे, बघायला छान, पण स्वस्तातल्या रेझिनमध्ये आत बुडबुडे, कडेला खरखर, असला माल ओठात कशाला धरायचा? साधा काळा डेलरिन, म्हणजे एक कडक प्लास्टिक असतं, तो घ्यावा, गरम होत नाही, फुटत नाही, दिसायला काही खास नाही आणि त्याची गरजही नाही. अल्टेम म्हणून एक मधासारख्या पिवळ्या रंगाचा येतो, तो उष्णता चांगली सहन करतो. स्टीलची टिप धुवायला सोपी, टिकायला एक नंबर, पण लागोपाठ झुरके मारले की तापते आणि डिसेंबरात बाहेर उभं राहिलं की बर्फासारखी गार, दोन्ही बाजूंनी ओठांचे हाल. काच चवीला स्वच्छ, पण एकदा हातातून पडली की संपलं, आणि कडेचा टवका उडालेली काच तोंडात घालायची म्हणजे धोका. मुलामा दिलेल्या धातूच्या टिपा टाळाव्यात, मुलामा उडतो आणि ज्यांना खोटे दागिने घातले की कानाला खाज सुटते त्यांना निकेलमुळे ओठांनाही सुटू शकते. लाकडाच्या पण मिळतात, ओल धरतात, मला तरी पटत नाही.

लांबीचं थोडक्यात, लांब टिपमध्ये वाफ थंड होऊन येते पण आत पाणी जमतं, आखूडमध्ये गरम येते आणि कधी कधी गरम थेंब थेट जिभेवर उडतात. थेंब फार उडत असतील तर टिपला दोष द्यायच्या आधी कॉइल बघा, बहुतेक वेळा ती लिक्विडने तुंबलेली असते. टिपमध्ये जाळी असलेल्या मिळतात त्याने फरक पडतो. नवरा रोज रात्री टिप काढून टिशू पिळून आतून फिरवतो, काय चिकट तपकिरी घाण निघते ती बघितली की कळतं धुणं का गरजेचं आहे. आठवड्यातून एकदा कोमट पाणी आणि भांड्याचा साबण, नीट वाळवायची, रबराची रिंग सुकली असेल तर लिक्विडचाच एक थेंब लावायचा आणि चीर गेली असेल तर रिंग बदलायची. अॅक्रिलिकची टिप असेल तर ती स्पिरिटने पुसू नका, बारीक तडे जातात.

आणि एकमेकांची ओढणं बंद करा. आपल्याकडे पार्टीत "दे रे एक झुरका" चालतं, तीच सवय इथे चालू आहे. सर्दी-खोकल्यापासून ओठावरच्या फोडांपर्यंत सगळं त्या एका टिपवरून पसरतं. द्यायचीच असेल तर दुसरी टिप द्या, ५१०च्या साध्या टिपा फार महाग नसतात. दुकानातसुद्धा रबरी टोपी नसेल तर चाचणी करू नका, सरळ नाही म्हणा, लाज कसली त्यात.

तुमच्या लेखातला मुलांचा मुद्दा मी सोडलेला नाही, उलट तोच मला जास्त छळतो. माझी मुलगी सेकंडरीत आहे, तिच्या शाळेत टॉयलेटला जायची मुलींना भीती वाटते कारण आत वेपची वाफ भरलेली असते. एकदाच वापरून फेकायच्या वेपवर इथे १ जून २०२५ पासून बंदी आली ते फार चांगलं झालं, पण गोळ्या-चॉकलेटच्या रंगाची तोंडं, कार्टूनच्या आकाराच्या टिपा, गळ्यात अडकवायच्या दोऱ्या, हे सगळं मोठ्या माणसाला सिगारेट सोडायला कशाला लागतं हो? माझ्या नवऱ्याला साधी काळी नळी पुरली. म्हणून मला वाटतं की टिपच्या आकारावर, रंगावर नियम पाहिजेत, काळा-पांढरा-करडा एवढेच रंग ठेवा, अरुंद तोंडं ठेवा, त्याने सिगारेट सोडणाऱ्याचं काहीही अडत नाही आणि बारा वर्षांच्या पोराला त्यात काही आकर्षण उरत नाही. तुमच्या लेखकाने हा फरक केला असता तर मला पत्र लिहावंच लागलं नसतं.

शेवटचं, गावाकडच्यांसाठी. उन्हाळ्यात आम्ही येतो तेव्हा भाचा, पुतण्या, मित्राचा मुलगा, कुणीतरी हळूच विचारतंच की येताना एक वेप आणाल का, चांगल्या टिपवालं. आम्ही स्पष्ट नाही सांगतो आणि सगळ्यांनी तसंच सांगावं. २०१९च्या कायद्यात भारतात वेप बनवणं, आणणं, विकणं, वाटणं, जाहिरात करणं सगळं बंद आहे, पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा सापडलात तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड, साठा करून ठेवला तरी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पानटपरीमागे चोरून मिळतं ते तर अजिबात घेऊ नका, त्यात काय भरलंय ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. अमेरिकेत २०१९मध्ये असल्याच चोरट्या मार्गाने आलेल्या गांजाच्या अर्काच्या वेपमधल्या व्हिटॅमिन ई अॅसिटेटमुळे फुफ्फुसं निकामी होण्याची साथच आली होती, फेब्रुवारी २०२०पर्यंत तिथे ६८ माणसं गेली.

महाराष्ट्रात ज्याला सिगारेट, बिडी, तंबाखू सोडायची आहे त्याला २ मिलिग्रॅमचं निकोटीन च्युइंगगम मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळतं आणि सरकारची तंबाखूमुक्तीची फुकट हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६. इंग्लंडमध्ये असाल तर एनएचएसची ०३०० १२३ १०४४. हे दोन्ही नंबर पुढच्या वेळी लेखाच्या खाली चौकटीत छापा.

आपली नेहमीची वाचक,
कॉव्हेंट्री, इंग्लंड