थिबा राजवाड्याच्या तिकिटाचा पैसा राजवाड्यालाच मिळू द्या: सांस्कृतिक कार्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सांस्कृतिक कार्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

स. न. वि. वि.

दिवाळीची सुट्टी लागली की मुंबई-पुण्याच्या गाड्या कोकणात उतरायला लागतात, त्या थर्टी फर्स्ट उलटेपर्यंत. गणपतीपुळ्याला आलेली बरीच कुटुंबं एखादी दुपार रत्नागिरीतही काढतात. थिबा पॉइंटवर उभं राहून भाट्याची खाडी बघतात, फोटो काढतात आणि वाटलं तर राजवाड्यात डोकावतात. इतकी माणसं दारावरून जातात, पण त्यांच्याकडून या वास्तूला चार पैसे मिळतील अशी सोय आपण केलेली नाही.

माझी विनंती अशी. राजवाड्याच्या प्रांगणात सुट्टीच्या दिवसांत खास निधीसाठी कार्यक्रम व्हावेत, त्यांची तिकिटं शासनाच्याच संकेतस्थळावर मिळावीत, आणि जमलेला पैसा याच वास्तूच्या देखभालीसाठी वेगळा राहावा. यातला शेवटचा भाग झाला नाही, तर पहिल्या दोन्हींत मला फारसा रस नाही.

ब्रह्मदेशाचा, म्हणजे आजच्या म्यानमारचा, शेवटचा राजा थिबा. इंग्रजांनी १८८५ साली त्याचं राज्य घेतलं आणि १८८६ मध्ये त्याला रत्नागिरीत आणून ठेवलं. हा राजवाडा बांधून होईपर्यंत १९१० साल उजाडलं. जेमतेम सहा वर्षं तो या राजवाड्यात राहिला आणि १९१६ मध्ये याच गावात वारला. त्याची समाधीही इथेच आहे. २०१२ साली म्यानमारचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष तिथे येऊन नतमस्तक झाले होते. एका देशाचा इतिहास जांभ्याच्या चिऱ्यांत आणि सागवानात आपल्याकडे सांभाळायला आहे, आणि ही जबाबदारी रत्नागिरीकरांना मनापासून मोलाची वाटते.

पण सांभाळणं खर्चाचं काम आहे. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. खारा वारा लोखंड खातो, वाळवी लाकूड खाते. ज्यांची कौलारू घरं आहेत त्यांना ठाऊक आहे की मे महिन्यात शाकारणी, म्हणजे कौलांची डागडुजी, चुकली तर जूनमध्ये कुठे ना कुठे गळतंच. एक कौल सरकलं की खालची रीप भिजते, रिपेवरून पाणी वाशात उतरतं आणि वासा कुजला की सुताराचं बिल दहापट होतं. दोन-चार हजारांचं काम वेळेवर झालं तर पुढचे लाख वाचतात. म्हणून जुन्या घराच्या देखभालीला हाताशी थोडे पैसे लागतात, आणि तेही पावसाआधी.

इथे अडचण कायद्याची आहे. संविधानाच्या अनुच्छेद २६६ प्रमाणे शासनाचा महसूल राज्याच्या एकत्रित निधीत जातो. तिथून तो परत मिळवायचा तर अर्थसंकल्पात तरतूद, प्रशासकीय मान्यता, निविदा हे सगळं आलं. मोठ्या जीर्णोद्धाराला ते योग्यच आहे. सरकलेल्या कौलाला मात्र इतका वेळ नसतो. म्हणून सुट्टीतल्या कार्यक्रमांचं उत्पन्न जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या एखाद्या समितीच्या किंवा नोंदणीकृत न्यासाच्या खात्यात जमा व्हावं, त्याचं रीतसर ऑडिट व्हावं, आणि किती जमले, कशावर खर्च झाले याचा कागद राजवाड्याच्या दारावर लागावा. राज्य संरक्षित स्मारकांचं पालकत्व घेण्यासाठी आपली महाराष्ट्र वैभव योजना आहेच. तिच्यात हे बसवता येतं का, ते आपल्या विभागाने तपासावं. बसत नसेल तर स्वतंत्र शासन निर्णय काढावा.

आता तिकिटांबद्दल. आमच्या तालुक्यातल्या एका जुन्या घरात दिवाळी पहाटेचा कार्यक्रम झाला, त्याची तिकिटं एका खासगी कंपनीमार्फत ऑनलाइन विकली. मी दारावर मदतीला होतो. पहाटे साडेपाचला अंगणात रांग आणि मोबाईलला रेंज नाही. जांभ्याच्या जाड भिंतीआड तर एकही काडी दिसेना. एक निवृत्त शिक्षिका मुलाने पुण्याहून पाठवलेलं तिकीट उघडण्यासाठी फोन उंच धरून तुळशीवृंदावनाभोवती फिरत होत्या. एकाच क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट घेऊन दोन कुटुंबं आली, आणि दोघांनीही पैसे भरलेले. आम्ही दोघांनाही आत घेतलं, कारण सणाच्या दिवशी दारातून कुणाला परत पाठवायचं? पुढे कळलं की प्रत्येक तिकिटामागे सुविधा शुल्काच्या नावाने वेगळी रक्कम घेतली जात होती. लोकांना वाटत होतं तीही घरालाच मिळते. जमलेले पैसे हातात यायला कित्येक आठवडे गेले आणि कोण आलं होतं त्याची यादी आम्हाला शेवटपर्यंत मिळाली नाही. ती यादी असती तर पुढच्या वर्षी त्याच माणसांना आमंत्रण गेलं असतं. निधी असाच वाढतो, त्याच त्या आपुलकीच्या माणसांतून.

म्हणून ही व्यवस्था शासनाची हवी, आणि ते अवघड नाही. रायगडावर केंद्रीय पुरातत्त्व खात्याचं तिकीट मोबाईलवर निघतं. राज्याच्या पर्यटन महामंडळाच्या (एमटीडीसी) खोल्या घरबसल्या आरक्षित होतात. यूपीआयने आलेल्या पैशावर व्यापारी शुल्क २०२० पासून नाही. संगीत, नृत्य, नाटकाच्या तिकिटाला पाचशे रुपयांपर्यंत जीएसटी नाही, तेव्हा दर त्याच्या आत ठेवावा. जास्त द्यायची इच्छा असणाऱ्यासाठी देणगीचा रकाना वेगळा असावा आणि पावतीही वेगळी. दारावरचं स्कॅनर रेंजशिवाय चाललं पाहिजे, सोबत छापील यादी पाहिजे. आणि वादळ आलं तर पैसे आपोआप परत जावेत. २०१९ मध्ये क्यार चक्रीवादळाच्या पावसाने ऐन दिवाळीत कोकण झोडपलं होतं, हे कुणी विसरलेलं नाही.

सगळी तिकिटं मात्र ऑनलाइन नकोत. गणपतीच्या गाड्यांचं आरक्षण काही मिनिटांत संपतं आणि गावची म्हातारी माणसं हात चोळत बसतात, हा अनुभव कोकणाला दरवर्षी येतो. निदान तिसरा हिस्सा तिकिटं राजवाड्याच्या खिडकीवर, रोख पैशात मिळावीत. एका नावावर चारपेक्षा जास्त देऊ नयेत, नाहीतर रिसॉर्टवाले गठ्ठाच उचलतील. शाळांना एक प्रयोग फुकट असावा.

कार्यक्रम काय करावेत हे शहर सांगेल. राजवाड्याच्या प्रांगणात जानेवारीत संगीत महोत्सव भरतो, म्हणजे रसिकही आहेत आणि आयोजनाचा सरावही. दिवाळी पहाट आहे. नाताळच्या सुट्टीत संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात जाणकारासोबत राजवाडा दाखवता येईल. मला स्वतःला हे सगळ्यात जास्त आवडेल, कारण संध्याकाळी खाडीवरून वारा सुटला की त्या कमानदार खिडक्यांपाशी उभं राहून हद्दपार राजाची गोष्ट ऐकणं वेगळंच. सावंतवाडीच्या राजवाड्यात पर्यटकांसमोर बसून कारागीर गंजिफा, म्हणजे खेळायचे गोल पत्ते, हाताने रंगवतात आणि त्यातून ती कला तगली आहे. तसे कारागीर इथेही बोलावता येतील.

हे रत्नागिरीत जमलं तर टिळकांच्या जन्मस्थानापाशी, मालगुंडला केशवसुतांच्या घरी हीच रीत नेता येईल. पण आधी एकच वास्तू घ्या आणि एक हंगाम करून बघा.

येत्या दिवाळीच्या किमान दोन महिने आधी आदेश निघाला, तर पहिला कार्यक्रम याच सुट्टीत होऊ शकेल आणि पहिली रक्कम मेच्या शाकारणीला उपयोगी पडेल. खिडकीवर बसायला, रांग लावायला, म्हाताऱ्या माणसांना तिकीट काढून द्यायला आम्ही गावातली माणसं विनामोबदला येऊ. आपल्या विभागाने फक्त पैशाचा रस्ता मोकळा करावा.

आपला,
रत्नागिरीचा एक रहिवासी